आधी गाणी ठरवा, मग स्कूटर आणा

व्हेस्पा शोधायची घाई करू नका. ब्रिटनमधल्या मॉड मुलामुलींवर (साठच्या दशकातली सूट घालणारी, स्कूटरवेडी तरुणाई), नॉर्दर्न सोलच्या रात्रींवर किंवा टू-टोनच्या काळावर कमी पैशांत चित्रपट करायचा असेल, तर पहिली यादी करायची ती गाण्यांची. मी इंग्लंडमध्ये छोट्या चित्रपटांचं ध्वनिमुद्रण करते, आणि अशा चित्रपटात पैसा कुठे गळतो हे मला बहुतेक वेळा हेडफोनमध्येच कळतं. गाडी भाड्याने मिळते, मित्राची मिळते, क्लबवाल्यांची मिळते. गाणं ज्याच्या मालकीचं त्याच्याकडूनच घ्यावं लागतं. तो नाही म्हणाला, की त्या गाण्यावर रचलेला सगळा सीन हातचा जातो. म्हणून पटकथेचा दुसरा खर्डा लिहायच्या आत गाण्यांचा सोक्षमोक्ष लावा.

काळ आणि गोष्ट

पण त्याआधी काळ ठरवायला हवा, कारण गाणी, कपडे, गाड्या सगळं त्यावरच ठरतं. १९५०च्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये मॉडर्न जॅझ ऐकणारी, इटालियन धाटणीचे सूट घालणारी मुलं स्वतःला मॉडर्निस्ट म्हणवून घेत. पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांच्या कानावर रिदम अँड ब्लूज, सोल आणि जमैकन स्का आलं, बुडाखाली लँब्रेटा नि व्हेस्पा आली आणि नाव आखूड होऊन मॉड झालं. उत्तरेकडच्या गिरणी-कारखान्यांच्या गावांत याच आवडीतून नॉर्दर्न सोल, म्हणजे फारशा न गाजलेल्या अमेरिकन सोल रेकॉर्डवर रात्रभर नाचायचं वेड, उभं राहिलं. मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील क्लब १९६३ ते १९७१ चालला, विगन कॅसिनोत १९७३पासून १९८१पर्यंत रात्रभर नाच चालायचा. १९७९ साली मॉड पुन्हा उसळून आले, आणि त्याच वर्षी कॉव्हेंट्रीत टू-टोन हे रेकॉर्ड लेबल निघालं. स्का वाजवणारे गोऱ्या-काळ्या पोरांचे एकत्र बँड, काळ्यापांढऱ्या चौकड्या, आणि कारखाने बंद पडत चाललेलं शहर.

खर्चाचा विचार केला तर १९७९ सोपं आहे. त्या काळच्या विटांच्या चाळवजा घरांच्या रांगा, बसस्टँड, कामगारांचे क्लब अजून बऱ्याच गावांत जसेच्या तसे सापडतात. १९६४ रस्त्यावर उभं करणं महाग. तेव्हाच्या वाहतुकीच्या पाट्या वेगळ्या होत्या, आज दिसतात त्या १ जानेवारी १९६५पासून आल्या. डिश अँटेना, प्लॅस्टिकच्या खिडक्या, चाकांच्या कचरापेट्या प्रत्येक फ्रेममधून हटवायच्या तर तेच एक काम होऊन बसतं. तरीही १९६४च करायचं असेल तर आत शिरा. लंडनच्या सोहोमधल्या हॅम यार्डातला ‘सीन’ क्लब किंवा वॉर्डर स्ट्रीटवरचा ‘फ्लेमिंगो’ म्हणजे काही राजवाडे नव्हते. अंधार, घाम आणि मोठा आवाज ही तिथली खरी सजावट. एखादं तळघर, दोन दिवे आणि नाचता येणारी वीस मुलं एवढ्यात तो क्लब उभा राहतो.

गोष्टही छोटी घ्या. मॉड म्हटलं की सगळ्यांना मोटरसायकलवाल्या रॉकर पोरांशी समुद्रकिनाऱ्यावर झालेली मारामारी आठवते आणि मग शंभर स्कूटर, दोनशे पोरं, घोडेस्वार पोलिस असं सुरू होतं. तो मोह टाळा. १९६४च्या ईस्टरला इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या क्लॅक्टन गावात जे पहिलं भांडण झालं, त्या दिवशी हवा थंड आणि ओली होती, पोरांना करायला काही नव्हतं, आणि मोडतोडीपेक्षा वर्तमानपत्रांतले मथळेच मोठे होते. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ले कोहेन यांनी १९७२ साली याच मथळ्यांचा अभ्यास करून ‘मॉरल पॅनिक’ची, म्हणजे एखाद्या गटाचा बाऊ करून समाजात उठणाऱ्या घबराटीची, मांडणी केली. आता त्याच शनिवार-रविवारचा दुसरा धागा बघा. शनिवारी, २८ मार्च १९६४ला, त्याच किनारपट्टीवर फेलिक्सस्टोजवळच्या समुद्रात उभ्या असलेल्या जहाजावरून रेडिओ कॅरोलाइनचं प्रसारण सुरू झालं. सरकारी परवाना नसलेलं, पॉप गाणी वाजवणारं स्टेशन. क्लॅक्टनच्या पावसात आडोशाला उभी असलेली तीन पोरं, एक बंद पडलेली लँब्रेटा, एक ट्रान्झिस्टर, आणि काटा फिरवताना खरखरीतून अचानक आलेलं गाणं. मारामारी दूरच्या आवाजात ऐकू येऊ द्या, दिसायची गरज नाही. मला विचाराल तर यात अख्खा चित्रपट आहे, आणि तो हिवाळ्यात, दुकानं बंद असताना, किनारा मोकळा असताना, फारशी गर्दी न जमवता होतो. थंडी खरी, पाऊस खरा, नटांच्या तोंडातून निघणारी वाफही खरी.

गाण्यांचे हक्क

इथे थोडा वेळ द्या, कारण बहुतेक छोटे निर्माते इथेच अडकतात. रेकॉर्डवरचं एक गाणं चित्रपटात वापरायचं तर दोन परवानग्या लागतात. एक गीत-संगीताची, ती प्रकाशकाकडून. दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची, ती रेकॉर्ड कंपनीकडून. एक मिळाली आणि दुसरी नाही, तर हातात काहीच नाही. शिवाय दोघेही बहुधा करारात एक अट घालतात, की दुसऱ्याला जास्त दिलंत तर आम्हालाही तेवढंच द्यायचं. म्हणजे प्रकाशक स्वस्तात तयार झाला म्हणून हुरळून जाऊ नका. रेकॉर्ड कंपनीने दुप्पट मागितलं की प्रकाशकाचाही आकडा तिथे जाऊन टेकतो.

ब्रिटनपुरती एक सोय आहे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क इथे आधी ५० वर्षांचा होता, नोव्हेंबर २०१३मध्ये तो ७० वर्षांचा झाला, पण तोवर ज्यांची मुदत संपली होती त्यांना वाढ मिळाली नाही. म्हणून १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेल्या रेकॉर्डवरच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क ब्रिटनमध्ये उरलेला नाही. मॉड क्लबांत वाजणारे कितीतरी सुरुवातीचे रिदम अँड ब्लूज आणि स्काचे तुकडे याच काळातले. मात्र गीत-संगीताचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो, त्यामुळे प्रकाशकाची परवानगी लागतेच. आणि अमेरिकेत हिशेबच वेगळा आहे: १९५७पासून फेब्रुवारी १९७२पर्यंतची ध्वनिमुद्रणं तिथे २०६७पर्यंत संरक्षित आहेत. चित्रपट अमेरिकेत दाखवायची आशा असेल तर ही वाट तुमच्या उपयोगाची नाही.

पत्र लिहिताना चार गोष्टी स्पष्ट लिहा: गाणं किती सेकंद वाजणार, कुठल्या प्रसंगात, चित्रपट कुठे दाखवणार, आणि एकूण बजेट किती. आधी फक्त महोत्सवांपुरता परवाना मागा, आणि पुढे प्रदर्शन झालं तर किती द्यावे लागतील तो आकडा त्याच करारात लिहून घ्या. हे नंतरवर ढकललंत, तर चित्रपट गाजल्यावर तुमची बाजू लंगडी असते. कुठल्याही गाण्यावर सीन बेतलात की त्याच्या जागी बसेल असं दुसरं गाणंही त्याच दिवशी ठरवा.

माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे एखाद्या तरुण बँडकडून नवी गाणी करून घेणं. जुनंच गाणं त्यांनी नव्याने वाजवलं तर रेकॉर्ड कंपनी वाटेतून जाते, फक्त प्रकाशक उरतो. नवं गाणं असेल तर तोही नाही, बँडशीच लेखी करार करायचा. पण वाजवून घेताना काळाची शिस्त पाळा. सगळे एकाच खोलीत, एकाच वेळी. ड्रमला माइक कमीत कमी. मेट्रोनोम नको, लय जराशी पुढे धावली तर धावू दे. हॅमंड ऑर्गन मिळाला तर फारच उत्तम. गाणं अडीच मिनिटांत संपवा, कारण त्या काळची सात इंची, ४५ फेऱ्यांची तबकडी साधारण तेवढीच वाजते. हे अडीच मिनिटांचं माप पटकथेलाही लावून बघा. एक तबकडी, एक सीन. तबकडी संपेपर्यंत मुलाने मुलीशी बोलायचं धाडस केलं पाहिजे, नाहीतर पुढचं गाणं दुसऱ्याचं. सीनला आपोआप ताण येतो.

नाचाचा सीन

गाणं मोठ्याने वाजत असताना संवाद मुद्रित होत नाहीत आणि गाणं बंद केलं की नाचणाऱ्यांचा ताल सुटतो. यावर उपाय असा: गाण्याच्या तालावर फक्त खोल, अगदी खालच्या पट्टीतला ठोका असलेली वेगळी फाइल तयार करा आणि शॉट चालू असताना तेवढीच मोठ्या स्पीकरवर वाजवा. ठोका छातीला जाणवतो, पाय बरोबर पडतात, आणि संकलनात तो खालचा भाग गाळून टाकला की संवाद स्वच्छ उरतो. मात्र नटांना बजावून सांगा, की गाणं चालू असल्यासारखंच ओरडून बोलायचं. शांत खोलीत माणूस नकळत हळू बोलतो आणि मग गाणं चढवल्यावर सगळं खोटं वाटतं.

नॉर्दर्न सोल करत असाल तर पायांचा आवाज वेगळा घ्याच. लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर भुरभुरतात, म्हणजे चामड्याच्या तळव्याचा बूट घसरतो. गाणं बंद करून, एकाच नर्तकाला, माइक जमिनीपासून वीतभर वर धरून ऐका. आधी पावडरवरची लांब, कोरडी सर्रकन घसर, मग टाच वळताना लाकडाची बारीक करकर, मग उडी घेऊन खाली येताना दोन्ही तळव्यांचा एकदम बसलेला ठोका, आणि त्यामागून फळ्यांची उशिरा आलेली थरथर. हा आवाज गाण्याखाली अगदी हलका ठेवला तरी प्रेक्षक त्या जमिनीवर उभा राहतो. नाचणारे मात्र खरेच आणा. नटांना चार दिवसांत ते पदन्यास शिकवता येत नाहीत. उत्तर इंग्लंडात अजून सोल नाइट भरतात, तिथे जा, आधी नुसते ऐका आणि बघा, मग विचारा. त्या काळचे डीजे प्रतिस्पर्ध्याला रेकॉर्ड ओळखू येऊ नये म्हणून तिच्यावरचं लेबल झाकून खोटं नाव सांगत. कथानकासाठी याहून चांगलं गुपित शोधून सापडायचं नाही.

रेडिओवरचं किंवा ज्यूकबॉक्समधलं गाणं संगणकात पातळ करत बसू नका. लहान स्पीकरवर त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित करा. भिंती आपलं काम चोख करतात.

आता स्कूटर

स्कूटर क्लबच्या लोकांकडे जा. पाय जमिनीवर ठेवून जा, कारण या माणसांनी आपल्या गाड्यांवर वर्षानुवर्षं घालवलेली असतात आणि हौसेला मोल नसतं. पेट्रोल, गरम जेवण आणि नामावलीत नाव ही किमान देणी. गाडीला दुसऱ्याने हात लावायचा की नाही हे मालक ठरवणार. मालकाला चालवायला लावून नट फक्त थांबलेल्या गाडीवर दाखवणं हेच बहुतेक वेळा शहाणपणाचं. मालकाचा विमा चित्रीकरणाला लागू होतो का, हे त्याच्या कंपनीकडून लेखी विचारून घ्या. गृहीत धरू नका.

मॉडेलकडे बारीक लक्ष द्या. १९६४च्या गोष्टीत व्हेस्पा जीएस १६० चालेल, लँब्रेटा एलआय १५० चालेल. लँब्रेटाची एसएक्स २०० आली १९६६ला आणि जीपी १९६९ला, त्या दिसल्या की जाणकार प्रेक्षक तिथेच उठला. इनोचेंटी कंपनीने १९७१मध्ये इटलीतलं लँब्रेटाचं उत्पादन थांबवल्यावर यंत्रसामग्री भारत सरकारने घेतली आणि लखनौच्या स्कूटर्स इंडियाने तीच जीपी बनवली. लखनौची जीपी ब्रिटनमध्येही विकली गेली, त्यामुळे १९७९च्या गोष्टीत ती अगदी शोभेल, आणि मूळ इटालियन गाडीपेक्षा सहज मिळेल.

नंबर प्लेटही बोलते. १९६३पासून शेवटी वर्षाचं अक्षर येऊ लागलं: ए म्हणजे १९६३, बी १९६४, सी १९६५. १९६४च्या चित्रपटात शेवटी डी दिसला तर गाडी दोन वर्षं भविष्यातून आली. पट्टी काळी, अक्षरं पांढरी, आणि पुढच्या बाजूलाही नंबर हवा, कारण दुचाकीला पुढे नंबर लावायची सक्ती १९७५पर्यंत होती.

आवाज प्रत्येक गाडीचा वेगळा घ्या. लँब्रेटावर व्हेस्पाचा आवाज टाकलात तर क्लबवाले पहिल्या मिनिटाला ओळखतील. थंड इंजिनाची किक, दुसरी किक, पेटल्यावरची अडखळ, मोकळी रेस, पहिला गिअर पडतानाचा खटका, जवळून जाणं, लांबून येणं, बंद झाल्यावर तापलेल्या सायलेन्सरची टिकटिक. एक माइक सीटखाली, दुसरा मागे सायलेन्सरपासून हातभर बाजूला, दोन्हींना वाऱ्यासाठी जाड केसाळ टोपी. हे सगळं एका सकाळी, वर्दळ नसलेल्या जागी उरकतं. टू-स्ट्रोकचा निळा धूर छान दिसतो, पण बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि थंड गाडी जास्त धूर सोडते, त्यामुळे धुराचे शॉट आधी घ्या.

चालत्या स्कूटरवर संवाद लिहू नका. खरोखर कुणाला काही ऐकू येत नाही. बोलणं सिग्नलला, पेट्रोल पंपावर, आणि सगळ्यात छान म्हणजे क्लच केबल तुटल्यावर. जुन्या स्कूटरच्या केबली तुटतातच, प्लग काळे पडतातच. सेटवर सुट्या केबली आणि प्लग ठेवायचेच आहेत, तर पटकथेतही ठेवा. रस्त्याकडेला गुडघ्यावर बसून, नखात ग्रीस घेऊन केलेला कबुलीजबाब फुकटात मिळतो.

कायदा आणि रस्ता

ब्रिटनमध्ये दुचाकीवर हेल्मेट १९७३पासून सक्तीचं आहे. तुमची मॉड मंडळी त्याआधीची असली तरी चालू रस्त्यावर शूटिंगसाठी सूट मिळत नाही. उघड्या डोक्याचे शॉट खाजगी जागेत घ्या. दुसऱ्या महायुद्धातले बरेच जुने विमानतळ आता शेतमालकांकडे आहेत, त्यांच्या कडेच्या काँक्रीटच्या वाटा यासाठी उत्तम. तिथे ताशी १५-२० मैल पुरेत. लांब लेन्सने, झाडाझुडपांच्या आडून घेतलं की पडद्यावर तेच भरधाव दिसतं. गाडीच्या उघड्या डिकीत कॅमेरामनला बसवून सार्वजनिक रस्त्यावर निघू नका, कुठलाही शॉट त्याच्या हाडांपेक्षा मोठा नाही.

नट स्वतः चालवणार असेल तर १७व्या वर्षी, सीबीटी हे मूलभूत प्रशिक्षण घेऊन, एल पाटी लावून १२५ सीसीपर्यंत चालवता येते. म्हणून लँब्रेटा एलआय १२५ शोधा. एल पाटीवाल्याला डबलसीट घेता येत नाही, तेव्हा दोघांच्या शॉटसाठी पूर्ण परवानेवाला हवा. गिअर डाव्या मुठीत आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली, हे अंगवळणी पडायला नटाला काही आठवडे द्या. चेहऱ्यावरची भीती संकलनात जात नाही.

रस्त्यावर किंवा किनाऱ्यावर शूटिंग म्हणजे त्या गावच्या कौन्सिलची परवानगी आणि सार्वजनिक दायित्वाचा विमा. बऱ्याच ठिकाणी ५० लाख पाउंडांचं संरक्षण मागतात. रक्कम ऐकून घाबरू नका, हप्ता त्यामानाने पुष्कळ कमी असतो. बँक हॉलिडेच्या, म्हणजे सार्वजनिक सुट्टीच्या, आठवड्यात अर्जही करू नका.

गर्दी दाखवायची तर आठ-दहा गाड्या पुरतात. आरसे, झेंडे, बाजूची झाकणं, स्टेपनीचं कव्हर आणि स्वार बदलून त्याच पुन्हा आणा, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून आडव्या जाऊ द्या, आणि उरलेल्या चाळीस गाड्या माझ्यासारखीवर सोडा. वेगवेगळ्या अंतरांवरून घेतलेले तेच आवाज एकावर एक चढवले की अख्खा ताफा डोंगरापलीकडून येतो.

कपड्यांत पसरू नका. नायकाचा एकच सूट, पण शिंप्याकडून मापाने शिवलेला. वरून पार्का, म्हणजे टोपी असलेला लांब, सैल कोट, जी सूट तेलापासून नि पावसापासून वाचवायला घालत. अमेरिकन सैन्याची एम-५१ हवी. एम-६५ नावाप्रमाणेच नंतरची, ती १९६४ला नको.

आणि मुलीला स्वतःची स्कूटर द्या. ती कायम डबलसीट बसून त्याच्या पाठीला गाल टेकवणारीच का? तिलाही पगार होता, रेकॉर्ड ती विकत घ्यायची, नाच तिला त्याच्यापेक्षा चांगला यायचा. तसंच, ही सगळी गाणी काळ्या अमेरिकन आणि जमैकन कलावंतांनी घडवली. ‘फ्लेमिंगो’त रात्रभर कॅरिबियन मंडळी आणि काळे अमेरिकन सैनिक त्याच जमिनीवर नाचत होते. तुमच्या क्लबमध्ये फक्त गोरे चेहरे दिसले तर ते ऐतिहासिकदृष्ट्याही चूक आहे.

संकलन संपलं की लगेच महोत्सवांना पाठवू नका. क्लबच्या लोकांना त्यांच्याच हॉलमध्ये, त्यांच्याच स्पीकरवर दाखवा. गाणं संवाद कुठे खातंय ते तिथे कळतं, आणि चुकीची गाडी, चुकीचा बूट, चुकीचा आवाज ते तोंडावर सांगतात. ते सगळं लिहून घ्या, मिक्स पुन्हा करा, मग गाण्यांचा तक्ता भरा: नाव, रचनाकार, प्रकाशक, कुठल्या मिनिटाला सुरू, किती सेकंद. प्रत्येक आकडा करारातल्या सेकंदांशी ताडून बघा. करारात ४५ लिहिलेत आणि पडद्यावर ५२ झालेत, तर कात्री लावा किंवा प्रकाशकाला आजच कळवा.